आपल्या बिल्डिंगमागचा समुद्र : घोडबंदर रोडची खाडी, पायी आणि सायकलवर



घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही वर्गात एक प्रश्न विचारून बघा, "समुद्र कुठे आहे?" मुलं जुहू म्हणतील, गिरगाव म्हणतील, एखादं अलिबाग म्हणेल. सगळी उत्तरं बरोबर आहेत. पण हेच समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा आपल्या सोसायटीच्या मागच्या खाडीत येतं आणि परत जातं, हे फार थोडी मुलं सांगतील. बऱ्याच मुलांना खाडी म्हणजे मोठा नाला वाटतो, कारण त्यांनी ती चालत्या गाडीच्या खिडकीतूनच पाहिलेली असते.

तिसरीच्या परिसर अभ्यासात आपला जिल्हा येतो आणि सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटी येते. दोन्ही पाठ शिकवायला आपल्याकडे जिवंत साधन आहे आणि ते फुकट आहे. या लेखात तेच बघू : खाडी कधी बघायची, कुठून बघायची आणि मुलांना काय दाखवायचं.

आधी नकाशा : आपण बेटावर राहतो

मुलांना हे सांगितलं की ती चकित होतात. मुंबईचं उपनगर, मिरा-भाईंदर आणि ठाणे शहराचा मोठा भाग हे सगळं साष्टी बेटावर आहे. उल्हास नदी सह्याद्रीतून निघते, कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्याजवळ येते. तिथून तिचा मुख्य प्रवाह काशेली, कोलशेत, नागला बंदर, गायमुख, घोडबंदर असा वळत वसईजवळ समुद्राला मिळतो. ही वसईची खाडी. दुसरीकडे कळव्यावरून दक्षिणेला जाते ती ठाण्याची खाडी. ती मुंबईच्या बंदराला मिळते. पश्चिमेला अरबी समुद्र. म्हणजे चारी बाजूंनी पाणीच.

वर्गात नकाशावर बोट फिरवून हे बेट मुलांकडून गिरवून घ्या. मग विचारा, "१६ एप्रिल १८५३ ला पहिली रेल्वे बोरीबंदरहून निघाली आणि ठाण्यालाच का थांबली?" पुढे खाडी होती! खाडीवर पूल झाल्यावर १८५४ च्या मे महिन्यात गाडी कल्याणला पोचली. आणखी एक प्रश्न मुलांना फार आवडतो : "गावी जाताना तुमची गाडी कोणत्या पुलावरून जाते?" कळवा, काशेली, वरसावे अशी उत्तरं येतील. बेटाबाहेर पडायला पूल लागतोच, हे मुलांच्या मग आपोआप लक्षात येतं.

खाडीचं घड्याळ : तिथीची पाऊणपट

खाडीवर जायचं तर आपल्या सोयीची वेळ धरून चालत नाही, पाण्याची वेळ बघावी लागते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडं जास्त. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरतीची वेळही रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते.

कोकणात यासाठी एक सोपा हिशोब आहे. कॅलेंडरमधली तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला ६ वाजता. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पाचवीच्या मुलांना पाऊणपटीचं याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार?

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. अष्टमीच्या आसपास पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी, तो भांग.

हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. पाण्याला खाडीतून आत यायला वेळ लागतो, त्यामुळे आपल्याकडे भरती उशिरा पोचते. किती उशिरा? ते मुलांनाच मोजू द्या. जाण्याआधी मात्र वर्तमानपत्रातली किंवा मोबाइलवरची भरतीची वेळ नक्की तपासा.

एकच जागा, दोन रविवार

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. एका दिवसात पाच ठिकाणं फिरवू नका. एकच जागा निवडा आणि लागोपाठ दोन रविवारी एकाच वेळी तिथे जा.

कारण असं. रोजची ५० मिनिटं धरली तर सात दिवसांत भरतीची वेळ सुमारे सहा तासांनी सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी नऊला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी नऊला भरती! चतुर्थी-पंचमीच्या आसपासचा रविवार धरा, पुढचा रविवार साधारण एकादशी-द्वादशीला येईल. पहिल्या रविवारी चिखल दिसेल, दुसऱ्या रविवारी त्याच चिखलावर पाणी. "पाणी गेलं कुठे?" हा प्रश्न मूल स्वतः विचारतं, आपल्याला काही शिकवावं लागत नाही.

कुठून बघायचं?

*गायमुख* : लहान मुलांसाठी ही जागा सोयीची, कारण इथे महापालिकेने चौपाटी केली आहे. चौपाटी म्हटलं तरी जुहूसारखी वाळू इथे नाही. असं का, ते मुलांना समजावून सांगा. उघड्या समुद्राच्या लाटा बारीक माती धुऊन नेतात आणि जड वाळू मागे राहते. खाडीचं पाणी संथ असतं, त्यामुळे नदीने आणलेला गाळ इथे खाली बसतो. समोरच्या काठावरच्या डोंगरात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग आहे. आपल्या पाठीशीही तेच उद्यान. एकच जंगल, मधून खाडी.

*कोलशेत आणि बाळकुम* : इथली जुनी गावं खाडीवर जगलेली आहेत. गावातल्या एखाद्या मासेमारी करणाऱ्या आजोबांशी किंवा मावशींशी मुलांना बोलू द्या. पूर्वी काय मिळायचं, आता काय मिळतं, हे मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकावं. पण आधी विचारून, त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून. कोलशेतला हवाई दलाचा तळ आहे, त्या बाजूला फोटो काढू नका.

*घोडबंदर किल्ला* : चौथीच्या वरच्या मुलांसाठी. या बंदरात घोड्यांचा व्यापार चालायचा म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पोर्तुगीजांचा हा किल्ला मराठ्यांनी १७३७ च्या साष्टीच्या मोहिमेत घेतला. दोन वर्षांनी, १७३९ ला, चिमाजी आप्पांनी वसई घेतली. वर उभं राहिलं की खाडी दिसते, आणि किल्ला इथेच का बांधला हे सांगावं लागत नाही.

काय बघायचं?

- तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं. चिखलात हवा नाही, म्हणून ही मुळं वर येऊन श्वास घेतात. पानांच्या मागे मिठाचे कण दिसतात का, तेही बघा.
- ओहोटीला चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या. मासाच, पण पाण्याबाहेर चालतो!
- एकच नांगी मोठी असलेला छोटा खेकडा. तो नर असतो.
- वाहत आलेली जलपर्णी किंवा पान. ओहोटीला ते वसईकडे जातं, भरतीला उलटं कल्याणकडे. नदी उलटी वाहताना बघणं हा मुलांसाठी मोठा धक्का असतो.
- धक्क्याच्या पायऱ्या. पाण्याबाहेर किती आहेत ते दर १५ मिनिटांनी वरूनच मोजायचं आणि लिहायचं. त्याचाच आलेख वर्गात काढता येतो.

रोहित पक्षी बघायचे असतील तर हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला ऐरोलीला जा. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ ला त्याला रामसर दर्जा मिळाला.

सायकल : कुठे हो, कुठे नाही

पालकहो, इथे स्पष्टच सांगते. घोडबंदरच्या मुख्य रस्त्यावर मुलांना सायकल चालवू देऊ नका. गुजरातकडे आणि बंदराकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने धावतात. गायमुखचा घाट तर सायकलवर मुलांसोबत अजिबात नको, तिथे बसनेच जा.

मग सायकल कुठे? वाघबीळ, कावेसर, कोलशेतच्या आतल्या रस्त्यांवर, रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ. हेल्मेट हवंच. चार मुलांमागे एक मोठा माणूस, एक पुढे, एक मागे. सायकलवर खाडीकडे जाताना एक गोष्ट पायांना कळते जी गाडीत कळत नाही : येऊरच्या बाजूने पाण्याकडे रस्ता उतरत जातो. "पावसाचं पाणी कुठे जातं?" याचं उत्तर मुलांच्या पायडललाच मिळतं. आपल्या सोसायटीसमोरच्या नाल्यात टाकलेली पिशवी कुठे पोचते, तेही.

सुरक्षेचे नियम

१. चिखलात उतरायचं नाही. वरून घट्ट दिसतो, पण माणूस कमरेपर्यंत रुततो.
२. धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवर मुलांनी जायचं नाही.
३. जून ते सप्टेंबर खाडीची सहल नको.
४. फांद्या तोडायच्या नाहीत, खेकडे पकडायचे नाहीत. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून बंदी घातलेली आहे.
५. पालकांची लेखी परवानगी, पाणी, टोपी, प्रथमोपचार पेटी.

वर्गात आल्यावर

दोन्ही रविवारची चित्रं शेजारी शेजारी लावा. मोठ्या मुलांना तिथीवरून काढलेली वेळ आणि खाडीवर प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांतला फरक मिनिटांत काढायला सांगा. लहान मुलांना एकच वाक्य पुरं करू द्या : "ओहोटीला मला ______ दिसलं, भरतीला ते ______."

आपल्या भागात दरवर्षी नवे टॉवर उभे राहतात. रस्ते, मेट्रो, सगळं हवंच आहे. पण भराव कुठे पडतो आणि तिवरं कुठे कमी होतात, हे त्यालाच दिसतं ज्याला तिथे आधी काय होतं ते माहीत आहे. नाला समजून वाढलेलं मूल उद्या खाडी बुजली तरी विचारणार नाही. ज्याने तिथे पायऱ्या मोजल्या आहेत, ते नक्की विचारेल.

चला तर मग, कॅलेंडर काढा, पुढच्या महिन्यातले दोन रविवार शोधा आणि त्यांची पाऊणपट करून ठेवा.