विश्लेषण : पुण्याच्या पावसाचा अंदाज हिंद महासागराशिवाय का अपुरा?

पुण्याहून सर्वांत जवळचा समुद्र शंभरेक किलोमीटरवर. तरीही यंदा पाऊसमान कसे राहील, खडकवासला धरणसाखळी भरेल का, याचा विचार समुद्राच्या प्रवाहांपासून सुरू होतो. असे का?

समुद्राचे महत्त्व काय?
वरच्या अवघ्या तीन मीटर पाण्याची उष्णता साठवण्याची क्षमता अख्ख्या वातावरणाइतकी असते. हवा चार दिवसांत बदलते, समुद्राचे तापमान मात्र सावकाश बदलते. म्हणूनच काही महिने आधी हंगामाचा अंदाज देता येतो.

प्रवाह कसे चालतात?
पृष्ठभागावर वाऱ्यामुळे, खोलवर घनतेतील फरकामुळे. थंड आणि खारट पाणी जड असल्याने खाली बसते. वाऱ्याने ढकललेले पाणीही सरळ जात नाही. पृथ्वी फिरत असल्याने उत्तर गोलार्धात वरचा थर एकूणात वाऱ्याच्या उजवीकडे, काटकोनात सरकतो. याचे गणित स्वीडिश शास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ मध्ये मांडले.

अरबी समुद्रात काय होते?
नैऋत्य मोसमी वारे सोमालियाच्या किनाऱ्याला जवळपास समांतर वाहतात. त्यामुळे पाणी किनाऱ्यापासून दूर सरते आणि त्या जागी खालचे थंड पाणी वर येते. तिथे ऐन पावसाळ्यात तापमान काही वेळा २० अंशांखाली जाते. सोमाली प्रवाह तर दिशाच बदलतो : पावसाळ्यात उत्तरेकडे, हिवाळ्यात दक्षिणेकडे.

२०१९ मध्ये काय घडले?
त्या वर्षी हिंद महासागराचा पश्चिम भाग तापला, तर सुमात्राजवळचे पाणी थंड झाले. याला ‘इंडियन ओशन डायपोल’ची धन स्थिती म्हणतात. जूनमध्ये देशात ३३ टक्के तूट होती. हंगाम मात्र सरासरीच्या ११० टक्क्यांवर संपला. तज्ज्ञांच्या मते त्यात डायपोलचाही वाटा होता.

पुण्यात काय काम चालते?
पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) ‘मान्सून मिशन’अंतर्गत समुद्र आणि वातावरण यांची गणिते एकत्र सोडवणारे मॉडेल विकसित झाले. हवामान विभाग हंगामी अंदाजासाठी ते वापरतो.

मर्यादा कोणती?
हे मॉडेल हंगामाचा कल सांगते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आला तसा पूर त्यातून महिनाभर आधी कळत नाही. त्यासाठी रडार, काही तासांचे इशारे आणि मोकळे ओढेच हवेत.