वाळा की पोवळा?

गेल्या पावसाळ्यात बाबांनी न्हाणीमागचा दगड हलवला, तेव्हा खालून पेन्सिलीहून बारीक साप निघाला. माझा धाकटा भाऊ "वाळा, वाळा!" म्हणत धरायला धावला. आजी ओरडली, "थांब रे! शेपटी बघ त्याची!" सापाने शेपटी वर उचलून गोल वळवली होती. खालून ती निळसर दिसत होती. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पुस्तकातले चित्र दाखवले. तो वाळा नव्हता, पोवळा होता.

पोवळा विषारी आहे. तो नाग व मण्यार यांच्या कुळातला. त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव 'कॅलिओफिस'. ग्रीक भाषेत याचा अर्थ सुंदर साप. पोट पोवळ्यासारखे तांबूस, म्हणून आपल्याकडे पोवळा.

दोघांतला फरक असा :

वाळा – वीतभरही नसतो. सगळे अंग एकाच काळपट रंगाचे. डोके कोणते नि शेपटी कोणती, चटकन कळत नाही. मुंग्या-वाळवीची अंडी खातो. बिनविषारी.

पोवळा – सुमारे 35 सेंटीमीटरपर्यंत. अंग फिकट तपकिरी, डोके काळे, त्यावर पिवळे ठिपके. शेपटीवर दोन काळी कडी. गंमत म्हणजे तो वाळ्यालाच खातो!

या प्रजातीत आणखी जाती आहेत. सह्याद्रीच्या जंगलातला पट्टेरी पोवळा मीटरभराहून लांब होतो. 2012 साली आपल्या पश्चिम किनाऱ्याकडची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली. मलेशिया, इंडोनेशियात निळा पोवळा असतो. त्याचे डोके व शेपूट लालभडक, आणि विषाच्या पिशव्या अंगाच्या पाव भागापर्यंत लांबलेल्या!

पोवळा लाजाळू आहे. तोंड लहान, सहसा चावत नाही. पण विष ते विषच. दवाखान्यातले सापाचे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषापासून करतात. त्यात पोवळा नाही. म्हणून चावून न घेणे हेच उत्तम. कोणताही साप चावला तर दोरी आवळू नये, जखम कापू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हात-पाय न हलवता लगेच दवाखान्यात जावे.

बाबांनी त्या सापाला मारले नाही. आम्ही लांब उभे राहिलो, तो आपणहून कुंपणाच्या पाल्यात शिरला. आता आम्ही दगड, लाकडे, पालापाचोळा आधी काठीने हलवतो, मगच हात लावतो. तुम्हीही तसेच करा. आणि बारीक साप दिसला, तर वाळा समजून उचलू नका!