सुईचा भार
नांदेड-लातूरकडच्या जुन्या घरांत माळ्यावर रेकॉर्ड सापडतात: बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या, भीमसेन जोशींचे एलपी. टर्नटेबल मांडण्याआधी रेकॉर्डची जात पाहा. एलपीच्या अरुंद खाचेला सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचे सुईचे टोक लागते, ७८ला त्याच्या जवळपास चौपट. एलपीची सुई ७८च्या खाचेत तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते.

मशीन पाणसळ लावून समतल करा. टोनआर्मचे मागचे वजन फिरवून दांडी आधी तरंगती ठेवा, मग कार्ट्रिजच्या कंपनीने सांगितलेला भार द्या; बहुधा दीड ते दोन ग्रॅम. भार घटवला की रेकॉर्ड वाचते, हा समज घातक आहे. हलकी सुई उसळते आणि खाचेच्या भिंती ओरबाडते.

पैसे घालायचेच तर पहिल्यांदा चांगल्या सुईवर घाला. मग फोनो प्रीअॅम्प: एलपीवर खर्ज मुद्दाम दबवून कोरलेला असतो, तो हे यंत्र परत उचलते. ते नसेल तर तबला पोकळ वाटतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२च्या वर जातो. पत्र्याखाली आडव्या रचलेल्या रेकॉर्ड वाकतात. त्या खाली आणून उभ्या ठेवा. धूळ मऊ ब्रशने काढा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट मात्र कधीच लावू नका, लाख त्यात विरघळते.