शेळी पाला का ओरबाडते?

पायाशी गवत असले तरी शेळी मागच्या पायांवर उभी राहून बोरी-बाभळीचा पाला ओरबाडते. हा तिचा नुसता चोखंदळपणा नव्हे. पावसाळ्यात लेंड्यांतल्या जंतांच्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि ओल्या गवतावर चढतात. पण बहुतेक अळ्या वीतभर उंचीच्या आतच राहतात. उंचावरचा पाला सुरक्षित असतो.

आपण शेळीला खुरट्या गवतावर बांधतो, तेव्हा अळ्या तिच्या पोटात जातात. ‘हिमाँकस’ हा जंत पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहून रोज सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. हजार जंत म्हणजे ५० मिलिलिटर! २५ किलोच्या शेळीत रक्त असते जेमतेम पावणेदोन लिटर.

रक्ताबरोबर प्रथिने जातात. ती झीज भरून काढायला आणि जंतांशी झुंजायलाही प्रथिनेच लागतात. म्हणून शेवरी-सुबाभळीचा पाला मिळणारी शेळी टिकते, अर्धपोटी शेळी आधी खचते.

मग सगळ्याच शेळ्यांना वारंवार औषध पाजावे का? तसे केल्यास औषधाला दाद न देणारे जंतच मागे उरतात. त्याऐवजी खालची पापणी हळूच ओढून आतला रंग पाहू या. लालसर असेल तर ठीक. फिकट पांढरा असेल तर त्या शेळीला पशुवैद्यकाकडे नेऊ या. वर्गातल्या शेळीवाल्या घरच्या मुलांना हे आजच दाखवता येईल.