फेकलेला भाला कोणाचा?

तारापूरच्या किल्ल्याची तटबंदी पाहिली की पोर्तुगीज आठवतात, आणि पोर्तुगीज म्हटले की तोफा. दमणपासून वसईपर्यंत त्यांनी बसवलेले बस्तान आरमार आणि दारूगोळ्याच्या जोरावर होते, यात शंका नाही. पण हिंदुस्थानातल्या त्यांच्या पहिल्या व्हॉइसरॉयचा अंत तोफेने झाला नाही. तो झाला हाताने फेकायच्या भाल्याने, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला.

फ्रान्सिस्को द अल्मेदा हे त्याचे नाव. डिसेंबर 1508 मध्ये त्याने आपले दाभोळ लुटून जाळले. फेब्रुवारी 1509 मध्ये दीवच्या समुद्रात त्याने इजिप्त, गुजरात आणि कालिकत यांच्या एकत्रित आरमाराचा धुव्वा उडवला. मायदेशी परतताना त्याची जहाजे आजच्या केप टाऊनजवळच्या उपसागरात पाण्यासाठी थांबली. तेथील गुरे पाळणाऱ्या खोईखोई लोकांशी कुरबूर झाली आणि सूड म्हणून पोर्तुगीजांनी त्यांच्या वस्तीवर चाल केली. दिवस होता 1 मार्च 1510. खोईखोईंनी आपल्याच गुरांचा आडोसा करून भाले आणि दगडांचा मारा केला. किनाऱ्यावरच्या वाळूत पाय रुतत होते आणि होड्या जागेवर नव्हत्या. पन्नासहून अधिक पोर्तुगीज पडले, त्यांत खुद्द अल्मेदा होता. दाभोळ जाळणारा सेनापती गुराख्यांच्या हातून मेला, हे आपल्याकडच्या इतिहासात फारसे सांगितले जात नाही.

पोर्तुगीज या शस्त्राला 'अझगाया' म्हणत. इंग्रजीतला 'असेगाई' हा शब्द त्याच कुळातला. गंमत अशी की तो मूळचा दक्षिण आफ्रिकेतला नव्हेच. उत्तर आफ्रिकेच्या बर्बर भाषेतून तो अरबीत गेला, अरबीतून पोर्तुगीजांकडे आला आणि त्यांच्याच जहाजांतून दक्षिणेला पोचला. झुलू, खोसा, खोईखोई या सगळ्यांच्या वेगवेगळ्या भाल्यांना परक्यांनी हे एकच नाव देऊन टाकले.

फेकायचा भाला आणि भोसकायचा भाला यांची घडण वेगळी असते. भोसकण्यासाठी दांडा जाड आणि मजबूत हवा. फेकण्यासाठी तो हलका हवा आणि तोल पुढच्या अंगाला हवा, म्हणजे उतरताना टोकच आधी टेकते. ऑलिंपिकमधल्या भाल्याचा नियमही याच तत्त्वावर बदलला. 1984 मध्ये उवे होन याने 104.80 मीटर फेक केली आणि मैदान अपुरे पडू लागले. मग 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य 4 सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला. फेक आखूड झाली आणि टोक नीट रुतू लागले. लोहाराला हातात भाला तोलूनच कळत होती ती गोष्ट नियमात आकड्यांनी लिहावी लागली.

पण फेकायच्या भाल्यात एक मूळचीच खोट आहे. हातातून सुटला की आपण निःशस्त्र, आणि नेम चुकला तर तोच भाला उचलून शत्रू आपल्यावर फेकणार. प्रत्येक समाजाने या अडचणीवर आपापला तोडगा काढला. रोमन सैनिकाच्या भाल्याचा बारीक लोखंडी दांडा ढालीत घुसून अनेकदा वाके, म्हणजे तो लगेच परत फेकता येत नसे. खोसा योद्धे एकाऐवजी अनेक भाल्यांची मोळीच सोबत बाळगत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झुलू राजा शाका याने वेगळाच मार्ग धरला. आखूड दांड्याचा, रुंद पात्याचा भाला घ्या, तो हातातून सोडू नका, ढालीआडून अंगावर जा, हा त्याचा शिरस्ता. फेकायचे भाले तरीही टिकून राहिले. 22 जानेवारी 1879 रोजी इसांडलवाना येथे झुलूंनी बंदुका आणि तोफा असलेल्या ब्रिटिश फौजेचा पराभव केला, तेव्हा दोन्ही प्रकारचे भाले त्यांच्याकडे होते.

मराठी मुलखाचा तोडगा सर्वांत काटकसरीचा. विटा किंवा इटा या भाल्याला मागे लांब दोर असे आणि दोराचे दुसरे टोक हातात किंवा मनगटाला. फेकायचा, घाव घालायचा आणि हिसका देऊन परत ओढायचा. पल्ला दोराच्या लांबीइतकाच, पण शस्त्र शत्रूला मिळत नाही आणि दुसरा भालाही लागत नाही. ही विद्या वापरणारा तो इटेकरी. कोल्हापूरच्या तालमींत मर्दानी खेळात विटा आजही फिरवला जातो. पाहुण्यांना तो कसरतीचा प्रकार वाटतो. खरे तर ते एका जुन्या प्रश्नाचे उत्तर आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाकला पाहिजे. आफ्रिकी माणूस म्हणजे भालाईत, हे चित्र आपल्याच किनाऱ्यावर खोटे ठरते. 1559 मध्ये पोर्तुगीजांनी दमण घेतले ते हबशी सरदाराकडून. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला आणि गनिमी काव्याने त्याने मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले. ही माणसे घोडदळ, किल्ले आणि राजकारण यांत मुरलेली होती. शस्त्र माणसाच्या वंशावरून ठरत नाही. पुढ्यातली जमीन, शत्रू आणि जवळचे लोखंड यांवरून ते ठरते.

तारापूरच्या तटापुढे भाल्याचे काम संपले होते. जानेवारी 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला घेतला. बाजी भीवराव रेठरेकर इथेच कामी आले. दगडी तटाशी झुंजायला दोरीचा भाला पुरेसा नव्हता. तिथे तोफा, सुरुंग आणि शिड्या लागल्या. मात्र तट बांधणाऱ्यांचा पहिला व्हॉइसरॉय ज्या शस्त्राने पडला, त्याला मागासलेले म्हणण्यापूर्वी केपच्या वाळूतला तो दिवस आठवावा. तोफा जहाजांवर होत्या, आणि लढाई किनाऱ्यावर झाली.