दहा वजा एक

एप्रिल १९६२. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर भारत आणि वेस्ट इंडिज यांच्यातली चौथी कसोटी चालू होती. भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर त्याआधी बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसून मरणाच्या दारातून परतले होते. त्यांना रक्त देणाऱ्यांत बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे, पॉली उम्रीगर होते, तसाच समोरच्या संघाचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. एकवीस वर्षांच्या पतौडीच्या गळ्यात कर्णधारपद पडले होते. फॉलोऑननंतर उम्रीगरांनी नाबाद १७२ कुटल्या, तरी सामना गेला. मालिका ५-० अशी धुतली गेली. इथवरची गोष्ट आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना तोंडपाठ असते.

त्यांना सहसा ठाऊक नसते ते हे, की त्याच शहरात त्याच दिवसांत एका राज्याचा संसार आवरला जात होता. पोर्ट ऑफ स्पेन ही तेव्हा वेस्ट इंडिज संघराज्याची राजधानी होती. हे संघराज्य ३ जानेवारी १९५८ रोजी जन्मले आणि ३१ मे १९६२ रोजी संपले. लहानपणी मी अ‍ॅटलासमध्ये वेस्ट इंडिज नावाचा देश शोधत बसायचो. सोबर्स ज्या देशाकडून खेळतो तो देश नकाशात नाही, हे पटायला बराच वेळ लागला. तो देश होता होता राहिला, हे त्याहून उशिरा कळले.

एकूण दहा घटक होते: जमैका, त्रिनिदाद-टोबॅगो, बार्बाडोस, ग्रेनाडा, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, डॉमिनिका, अँटिग्वा, सेंट किट्स-नेव्हिस-अँग्विला आणि चिमुकले माँटसेरात. यांतले सर्वांत मोठे जमैका आपल्या सातारा जिल्ह्याहून किंचित मोठे, तर बार्बाडोस बृहन्मुंबईहूनही लहान. शिवाय जमैका एकटे पश्चिमेला, बाकीची भावंडे पूर्वेला. किंग्स्टन ते पोर्ट ऑफ स्पेन हे अंतर सुमारे १,८०० किलोमीटर, मध्ये सगळा समुद्र. ब्रिटिश गयाना आणि ब्रिटिश होंडुरास हे मुख्य भूमीवरचे दोन मुलूख तर आधीच बाजूला झाले होते.

ही कल्पना एकट्या लंडनची नव्हती. १९३४ ते १९३९ या काळात ऊसमळ्यांत, बंदरांत, त्रिनिदादच्या तेलक्षेत्रांत संप आणि दंगे पेटले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कामगार पुढाऱ्यांना वाटू लागले की एकेक बेट सुटे राहिले तर गव्हर्नरसाहेबांपुढे कायम हात जोडूनच उभे राहावे लागेल. ग्रेनाडाचे टी. ए. मॅरिशो तर आयुष्यभर या एकाच ध्यासाने झपाटलेले होते. संघराज्य झाले, ते सिनेटर झाले आणि त्याच वर्षी, ऑक्टोबर १९५८ मध्ये, वारले. पुढचे पाहावे लागले नाही, हे त्यांचे भाग्यच म्हणायचे. लंडनचा हिशेब वेगळा होता. डझनभर छोट्या वसाहती वेगवेगळ्या सांभाळण्यापेक्षा एकत्र बांधून हातावेगळ्या केलेल्या बऱ्या. १९४७ साली जमैकातल्या माँटेगो बे इथे परिषद भरली. मग नऊ वर्षे समित्या आणि वाटाघाटी, आणि १९५६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटचा कायदा.

या नऊ वर्षांतच घोळ झाला, असे मला वाटते. १९४७ मध्ये स्वराज्याकडे जायची वाट संघराज्यातूनच जाते, असे सगळे मानत होते. पण दरम्यान जमैकाला आणि पाठोपाठ त्रिनिदादला आपापले मंत्रिमंडळ, आपापला मुख्यमंत्री मिळत गेला. संघराज्य प्रत्यक्ष उभे राहीपर्यंत घराघरात वेगळी चूल पेटली होती. मग सामायिक स्वयंपाकघरात शिधा कोण घालणार?

शिधा किती, तेही पाहू. पहिली पाच वर्षे संघ सरकारला आयकर लावण्याचा अधिकारच नव्हता. खर्च भागायचा तो बेटांकडून येणाऱ्या ठरीव वर्गणीवर, वर्षाकाठी सुमारे ९१ लाख वेस्ट इंडियन डॉलर. त्यातले ४३ टक्के जमैकाने द्यायचे, ३९ टक्के त्रिनिदादने. या दोन्ही सरकारांची स्वतःची अंदाजपत्रके याच्या कैक पटींनी मोठी होती. म्हणजे ज्याच्या नावाने २२ एप्रिल १९५८ रोजी राजकन्या मार्गारेटने थाटात संसदेचे उद्घाटन केले, ते सरकार एखाद्या गणेशोत्सव मंडळासारखे वर्गणीवर चालले होते.

खालच्या सभागृहात ४५ जागा होत्या. जमैकाला १७, त्रिनिदादला १०, बार्बाडोसला ५, सहा छोट्या घटकांना प्रत्येकी २ आणि माँटसेरातला १. जमैकाची लोकसंख्या मात्र संघराज्याच्या निम्म्याहून अधिक. लोक निम्म्याहून जास्त, जागा चाळीस टक्क्यांहून कमी आणि वर्गणी सर्वांत मोठी, हे गणित किंग्स्टनच्या बाजारातल्या माणसाला समजावून सांगायला पुढारी लागत नव्हता.

बरे, पुढारी तरी दिल्लीत, म्हणजे इथे पोर्ट ऑफ स्पेनला, गेले का? नाही. जमैकाचे नॉर्मन मॅन्ली आणि त्रिनिदादचे एरिक विल्यम्स या दोघांनीही संघाच्या निवडणुकीला उभे राहायचे टाळले. आपले बेट सोडले तर मागे काय होईल याची दोघांना धास्ती. पंतप्रधान झाले बार्बाडोसचे ग्रँटली अ‍ॅडम्स. माणूस मोठा, पण वजनदार मुख्यमंत्री मागे राहिले आणि केंद्रात बरीचशी दुसरी फळी आली. त्यात १९५८ संपायच्या आत अ‍ॅडम्स बोलून बसले की पाच वर्षे झाल्यावर संघ सरकार आयकर लावू शकेल, तोही मागील वर्षांपासून. जमैकात भडका उडाला. ज्या तिजोरीत चार दमड्या नव्हत्या तिचा मालक मागच्या थकबाकीची भाषा करू लागला होता.

राजधानीचेही त्रांगडेच. ती नेमली होती त्रिनिदादमधल्या चागुआरामस इथे. पण तिथे अमेरिकेचा नौदल तळ होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ही जागा ९९ वर्षांच्या पट्ट्याने देऊन टाकलेली. विल्यम्सनी ती परत मिळावी म्हणून २२ एप्रिल १९६० रोजी भर पावसात मोर्चा काढला. जागा काही वेळेत सुटली नाही, आणि संघराज्य शेवटपर्यंत पोर्ट ऑफ स्पेनमध्येच राहिले.

विल्यम्स ऑक्सफर्डचे इतिहासकार, गुलामगिरी आणि भांडवलशाहीच्या नात्यावर मोलाचे संशोधन केलेले. त्यांना केंद्र बळकट हवे होते, हातात कर आणि नियोजन असलेले. मॅन्लींना जमैकाचे नवे कारखाने जपायचे होते, म्हणून केंद्र जितके सैल तितके बरे. आणि विल्यम्सचेही हातचे राखून होतेच: तेलाच्या पैशामुळे त्रिनिदादमध्ये छोट्या बेटांवरून माणसे लोटतील, म्हणून मुक्त ये-जा त्यांना नको होती. त्रिनिदादच्या लोकसंख्येत तिसऱ्या हिश्शाहून अधिक असलेल्या भारतीय वंशीयांची भीती आणखी निराळी. मळ्यांवर करारावर आणलेल्या मजुरांच्या या वंशजांना दिसत होते, की दहा बेटांच्या बेरजेत आपण मूठभरच उरू.

या सगळ्यावर कडी केली ती भाऊबंदकीने. हा शब्द इथे अलंकारिक नाही. मॅन्ली आणि त्यांचे कट्टर विरोधक अलेक्झांडर बुस्तामान्ते हे खरोखरच नात्याने भाऊ. मे १९६० मध्ये जमैकातल्या सेंट थॉमसच्या संघीय पोटनिवडणुकीत उमेदवार देण्याऐवजी बुस्तामान्तेंनी जाहीर केले, की आपला पक्ष आता संघराज्याच्याच विरोधात आहे. लगेच दुसऱ्या दिवशी मॅन्लींनी सांगितले, ठीक, लोकांनाच विचारू. सार्वमत घ्यायला घटनेने त्यांना भाग पाडले नव्हते. आपण जिंकू, अशी खात्री होती इतकेच. १९६१ च्या लंडन परिषदेत त्यांनी जमैकासाठी जवळपास निम्म्या जागा मिळवल्या, आणि संघराज्याच्या पूर्ण स्वातंत्र्याची तारीखही पक्की झाली: ३१ मे १९६२.

१९ सप्टेंबर १९६१ रोजी जमैकाने मत दिले. संघराज्यात राहावे म्हणणारे २,१७,३१९, नको म्हणणारे २,५६,२६१. फरक अडतीस-एकोणचाळीस हजारांचा.

मग विल्यम्सनी आपले प्रसिद्ध अंकगणित मांडले. दहातून एक गेला की उरते शून्य. शाळेतल्या पोराने असे उत्तर लिहिले असते तर छडी मिळाली असती, पण राजकारणात ते अचूक होते. जमैका गेल्यावर उरलेल्या आठ घटकांचा बोजा त्रिनिदादवर पडणार होता. सेंट लुशियाचे अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस, ज्यांना पुढे १९७९ मध्ये नोबेल मिळाले, ते बेटाबेटांवर मनधरणी करीत फिरले. उपयोग झाला नाही. १९६२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने विसर्जनाचा कायदा केला, आणि जी तारीख स्वातंत्र्यासाठी राखून ठेवली होती त्याच ३१ मेला संघराज्याचा निळा झेंडा, लाटांच्या पांढऱ्या रेघा आणि मधोमध सोनेरी सूर्य असलेला, उतरला. त्याची मूळ कल्पना शिल्पकार एडना मॅन्ली यांची, म्हणजे नॉर्मन मॅन्लींच्या पत्नीची.

मॅन्लींना सार्वमताची पुरती किंमत मोजावी लागली. १० एप्रिल १९६२ रोजी जमैकात निवडणूक झाली आणि बुस्तामान्ते जिंकले. ६ ऑगस्टला स्वतंत्र झालेल्या जमैकाचे पहिले पंतप्रधान तेच. त्या मतदानानंतर तिसऱ्याच दिवशी पतौडीचा संघ किंग्स्टनच्या सबायना पार्कवर पाचव्या कसोटीला उतरला होता. समोर वॉरेल, जन्माने बार्बाडोसचा, वास्तव्याने जमैकाचा. त्याला कर्णधार करावे म्हणून त्रिनिदादच्या वृत्तपत्रातून मोहीम चालवणारे सी. एल. आर. जेम्स हे संघराज्यातल्या सत्ताधारी मजूर पक्षाचे चिटणीस राहिलेले. जेम्सना हवा होता तो देश मोडला, आणि त्यांना हवा होता तो संघ जगभर जिंकत सुटला.

त्रिनिदाद ३१ ऑगस्टला स्वतंत्र झाले, बार्बाडोस १९६६ मध्ये. धाकट्या बेटांनी उरलेल्यांची मोट बांधायचा प्रयत्न १९६५ पर्यंत केला, मग तोही सोडला. १९६२ च्या कॅलिप्सो गाण्यांत संघराज्यावर सर्वांत गाजले ते मायटी स्पॅरोचे, आणि त्रिनिदादचा हा लाडका गायक जन्मला होता ग्रेनाडात, ज्या बेटावरून माणसे येतील म्हणून त्रिनिदाद धास्तावले होते.

१९६१ मध्ये कॅनडाने संघराज्याला दोन जहाजे भेट दिली होती, फेडरल मेपल आणि फेडरल पाम. माणसे, टपाल आणि माल घेऊन ती बेटाबेटांतून फिरायची. सरकार बुडाले, पण जहाजे कुणी मोडीत काढली नाहीत आणि त्यांची नावेही कुणी खरवडली नाहीत. पुढे कित्येक वर्षे सेंट लुशियातल्या कॅस्ट्रीजच्या किंवा ग्रेनाडातल्या सेंट जॉर्जेसच्या धक्क्यावर बोट लागली, की तिच्या नावात फेडरल हा शब्द असायचा, आणि खाली उतरणारा प्रवासी पारपत्र हातात धरून रांगेत उभा राहायचा.