लॅपटॉप आला, पुढे काय?

शाळेत यंत्र आणावे की न आणावे, हा वाद आता जुना झाला. ते आलेच आहे. विचार करावयाचा तो एवढाच, की वर्गात ते काय करू शकते आणि कोणते काम त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

२००५ साली अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटे यांनी दर मुलामागे एक लॅपटॉप ही योजना जगापुढे मांडली. शंभर डॉलरांत यंत्र देण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात किंमत जवळजवळ दुप्पट झाली. आपल्या केंद्र सरकारने २००६ साली योजना नाकारली. तरीही २००७ साली कर्जतजवळच्या खैराट या खेड्यातील एकशिक्षकी शाळेत तिचा भारतातील पहिला प्रयोग झाला. अशा शाळेत गुरुजी चौथीला गणित शिकवीत असता बाकीच्या इयत्तांनी करावे काय, हा नित्याचाच पेच. तेथे मुलाच्या हाती यंत्र असले, तर त्याचा वेळ रिकामा जात नाही, हा लाभ उघड आहे.

परंतु लाभ म्हणजे ज्ञान नव्हे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने ही यंत्रे लाखांनी वाटली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण विचारशक्तीत थोडी प्रगती दिसली. मात्र गणित आणि भाषा या विषयांत लॅपटॉप मिळालेली मुले इतरांच्या पुढे गेलेली आढळली नाहीत. यंत्र पोहोचले होते, शिकविण्याची रीत बदलली नव्हती.

आता आपल्या गोंदिया जिल्ह्याकडे वळू. सालेकसा, देवरी या तालुक्यांत अनेक मुलांची घरची बोली गोंडी आहे. ती द्राविड कुळातील, मराठीहून अगदी निराळी. आपल्या पाण्याला ती 'येर' म्हणते. अन्यत्र पोवारी आहे, छत्तीसगढी आहे. पहिलीत आलेल्या मुलाला पुस्तकातली मराठी जितकी परकी, तितकीच पडद्यावरची. चित्र हलले आणि आवाज गोड झाला, म्हणून शब्दाचा अर्थ कळतो असे नाही. हे अंतर तोडण्यास मुलाची बोली जाणणारा शिक्षकच हवा.

आणि अशा शिक्षकाच्या हाती हेच यंत्र फार उपयोगी पडेल. गावातील आजीची गोष्ट तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करावी, शेजारी मराठी शब्द द्यावेत, आणि मुलांनी ती पुन्हा पुन्हा ऐकावी. याला फारसा खर्च नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातील धडा सांकेतिक चौकटींच्या द्वारे ध्वनी आणि चित्रफितींना जोडण्याचे त्यांचे काम सर्वांस ठाऊक आहे. सन्मान झाला तो चौकटीचा नव्हे, ती कशी वापरावी हे जाणणाऱ्या शिक्षकाचा.

म्हणून आम्हांस वाटते, आपल्या गावच्या शाळेस लॅपटॉप देणाऱ्या दात्यांचे आभार अवश्य मानावेत. पण सोबत चार प्रश्न विचारावेत. वीज गेली तर काय? यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार, आणि कोणाच्या खर्चाने? शिक्षकांना ते वापरण्याचे शिक्षण कोण देणार? आणि त्यातून मुलांशी बोलणारी भाषा कोणती? या चारांची उत्तरे मिळाली, तर देणगी सार्थकी लागली. न मिळाल्यास पहिल्या पावसाळ्यानंतर ते यंत्र कपाटात कुलूपबंद पडेल, आणि शाळेच्या साहित्यनोंदीत तेवढी एक ओळ वाढेल.